विंडोज दहा संपलं. आता लिनक्स का, आणि सोलापुरात ते सांभाळणार कोण?

नवीपेठ_रिपेअर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

नवी पेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि तेव्हापासून एकाच जातीचं गिऱ्हाईक वाढलंय: मशीन धडधाकट, मालक हवालदिल. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, कीबोर्डवरची अक्षरंसुद्धा पुसलेली नाहीत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून हे मशीन बाद. वर्षभराची वाढीव मुदत आहे म्हणा, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण मुदतीवर काढलेलं वर्ष ते, त्यात जीव किती?

अशा मशीनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून देतो. सोबत एसएसडी बसवली की तेच मशीन पळायला लागतं.

आधी काय चालतं ते सांगतो. ब्राउझर चालतो, म्हणजे बँक, सातबारा, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब सगळं आलं. पत्रं, तक्ते, पीडीएफ यांना लिबर ऑफिस. व्हीएलसी तर बहुतेकांकडे विंडोजवरही होतंच. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला तो प्रकल्प. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये त्यावर पिक्चर बघत पुण्याला जाणाऱ्यांना पत्ताही नसतो की आपण ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतोय. मराठी टायपिंगला आयबस घेतला की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही येतात.

काय चालत नाही तेही सांगतो, नाहीतर उद्या दुकानात येऊन कॉलर धराल. टॅली थेट चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लावून सरकारी पोर्टलवर सही करायची असेल तर घाम फुटतो. काही लेझर प्रिंटर नखरे करतात, आणि त्यातला एक नेमका आपल्याकडच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो.

हे झालं घरगुती. धागा काढायला कारण वेगळंच आहे.

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांच्या यादीत नायरा एनर्जीचं नाव घातलं. गुजरातेत वाडीनारला त्यांची रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्टचा हिस्सा ४९.१३ टक्के. कंपनी भारतातली, धंदा भारतीय कायद्याने, आणि असले एकतर्फी निर्बंध भारत सरकार मानत नाही. तरी काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्यांची आउटलुक आणि टीम्सची सेवा थांबवली. पैसे भरलेले, परवाने रीतसर. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग सेवा परत मिळाली. त्याच्याच दोन महिने आधी बातमी होती की हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांची मेल अमेरिकी निर्बंधांनंतर बंद पडली. कंपनीने सांगितलं की न्यायालयाची सेवा आम्ही बंद केलेली नाही. पुढे त्याच न्यायालयाने जर्मनीच्या ओपनडेस्क या मुक्तस्रोत ऑफिसकडे जायचं ठरवल्याचं वाचलं. आता ज्याला जे समजायचं ते समजा.

लोक म्हणतात लिनक्स घ्या, पैसे वाचतात. सोलापुरात हा मुद्दाच बाद आहे; इथं विंडोजला पैसे मोजले होते कुणी? माझ्या लेखी मोल वेगळ्या गोष्टीचं आहे. कुणी लांबून कळ दाबली तरी आपलं काम थांबत नाही. पण कोड हातात आहे म्हणून काम आपोआप चालू राहत नाही, ते चालू ठेवणारा माणूस गावात लागतो. पूर्व भागात माग अडला तर मालक माग बनवणाऱ्या कंपनीला फोन लावत बसत नाही, जॉबरला हाक मारतो. तो येतो, पाना काढतो, संध्याकाळच्या आत माग चालू. लिनक्सचा जॉबर सोलापुरात कुठाय?

कोण कोण वापरतंय, कुठं अडतंय, सांगा.

बाळीवेस_बंड्या

लई भारी लिवलंय की मालक. पोराच्या लॅपटॉपवर टाकावं म्हणतो. गेम चालतात का बे तेवढं सांगा, राजकारण नंतर बघू.

नवीपेठ_रिपेअर (धागाकर्ता)

स्टीमवरचे बरेच चालतात, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनमुळे. व्हॅलोरंट चालत नाही. पोराला आधी विचारा, नाहीतर घरात तुमचाच विंडोज व्हायचा.

हिशेबनीस_सातरस्ता

धागाकर्ते, उत्साह कौतुकाचा आहे, पण मी कर सल्लागार आहे. रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळी टोकन ओळखलं गेलं नाही तर अशिलाला काय स्वातंत्र्यावर प्रवचन देऊ? माझं सगळं काम तीन गोष्टींवर: टॅली, एक्सेलमधले जुने मॅक्रो आणि सहीचं टोकन. त्यातल्या दोन तुमच्या 'चालत नाही'च्या यादीत. (मॅक्रो तुम्ही सोयीस्कर गाळलेत.)

दुसरं, म्युनिकचं काय ते सांगा. अख्ख्या महापालिकेने लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खर्च केली, सुमारे १५ हजार मशीन हलवली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे यायचा ठराव केला. जर्मनांना जमलं नाही ते आपल्याला जमेल हे कशावरून? नायराचं म्हणाल तर ती रिफायनरी. माझ्या सात रस्त्याच्या ऑफिसवर कोण निर्बंध घालतंय?

नवीपेठ_रिपेअर (धागाकर्ता)

मॅक्रो मान्य. एक्सेलच्या व्हीबीए भाषेत बांधलेले मोठे मॅक्रो लिबर ऑफिसात अर्धवट चालतात. टॅलीसाठी मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन करून त्यात विंडोज ठेवता येतं. बाहेरचं सगळं लिनक्सवर, टॅली आतल्या खोलीत. तुमच्या ऑफिसात मी सगळं बदला म्हणणारच नाही. रिसेप्शनचं मशीन बदला, स्कॅनिंगचं बदला, टॅलीला हात लावू नका.

म्युनिकचं म्हणाल तर २०१३ पर्यंत बदल पुरा झाला होता आणि रोजचं काम सुरू होतं. मग महापौर बदलले. बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण करताना कटकटी होत्याच, तक्रारी वाढल्या. त्याच काळात मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आलं. यात काय कशामुळे झालं हे जर्मन लोक अजून भांडून ठरवतायत. पण तिथेच थांबू नका. त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य बघा. ३० हजार सरकारी संगणक लिबर ऑफिसवर नेण्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून जास्त मेलपेट्या ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्तस्रोत मेल सॉफ्टवेअरवर गेल्या. म्युनिकच्या वेळी खर्चाची भाषा पुष्कळ होती. या राज्याचे मंत्री सरळ सार्वभौमत्वाची भाषा करतात.

पूर्वभाग_जेकार्ड

अवांतर वाटेल, पण मागाचा विषय काढलात म्हणून लिहितो.

आमच्या घरी चादरीचे माग. सोलापुरी चादरीवरचा मोर, वेल, नक्षी जेकार्डवर निघते. जोसेफ मारी जेकार्डने फ्रान्समध्ये १८०४ मध्ये तो माग आणला. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं. भोक असेल तिथे ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. कार्डांची माळ फिरत राहते आणि ओळीमागून ओळ नक्षी उतरते. चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेला हर्मन होलेरिथने भोकांची कार्डं वापरली, आणि त्याची कंपनी ज्यात विलीन झाली तीच पुढे आयबीएम. म्हणजे आजच्या संगणकाची एक आजी आमच्या शेडमध्ये खडखडत होती आणि आम्ही तिला तेल घालत होतो.

आता मुद्दा. आजोबांच्या वेळची कार्डं गल्लीतला कुणीही कारागीर उजेडात धरून वाचायचा. कार्ड फाटलं तर नवीन पंच करायचा, नक्षी आवडली तर तीत बदल करायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं, त्याला यूएसबीचं डोंगल, म्हणजे ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. आमच्या एका सॉफ्टवेअरचं डोंगल जळालं तेव्हा विकणारी कंपनी शोधून सापडेना. वडिलांनी काढलेल्या नक्ष्या त्या फाइलींमध्ये आहेत. फाइली माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि उघडत नाहीत. पुठ्ठ्याची जुनी कार्डं मात्र माळ्यावर आहेत आणि ती अजून वाचता येतात!

माझा भाचा आता त्या नक्ष्या छापील कापडावरून स्कॅन करून गिम्प या चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये परत काढतोय. एक ठिपका म्हणजे एक दोरा, रंग ठरावीक, साधी बीएमपी फाइल. ती कंट्रोलरच्या फॉरमॅटमध्ये न्यायला अजून बंद सॉफ्टवेअरच लागतं, तिथं गाडी अडते. पण मूळ नक्षी तरी आता कुणाच्या डोंगलमध्ये अडकणार नाही. हिशेबनीस साहेब, माझ्यावरही कुणी निर्बंध घातले नव्हते. कंपनी बुडाली एवढंच. माझ्यासाठी फरक काय पडला?

चाटीगल्ली_छपाई

वरच्या प्रतिसादाला दंडवत.

आमचा लग्नपत्रिकांचा धंदा. बाहेरच्यांना कल्पना नसेल, सोलापूरची पत्रिका म्हणजे एक बाजू मराठी, एक तेलुगू, कधी कन्नड, कधी उर्दू, आणि मुंबईच्या पाहुण्यांसाठी इंग्रजी. जुन्या फॉन्टच्या जमान्यात प्रत्येक लिपीची चाल वेगळी. इंग्रजीच्या 'के'च्या जागी कुठल्या फॉन्टमध्ये 'क', कुठल्यात 'ा'. फॉन्ट गेला की पत्रिकेचं भजं. दहा वर्षांपूर्वीची फाइल घेऊन धाकट्या भावाच्या लग्नाला तेच गिऱ्हाईक येतं, आणि उघडलं की कुलदैवताच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं!

सगळ्या लिप्यांना एकच ठरलेली चाल देणारं युनिकोड आलं तरी मराठीला जागा मिळायला वेळ लागलाच. आपला 'ॲ' २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आला. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला आडवा र आजही काही फॉन्टांत नीट उमटत नाही. या बाबतीत ओपन सोर्सवाल्यांनी केलेलं काम मोठं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्या मंडळींचा मुक्ता फॉन्ट सगळ्यांना माहीत असेल. त्यांच्याच बलू घराण्यात देवनागरीचा बलू, कन्नडचा तम्मा, तेलुगूचा तम्मुडू आणि उर्दूचा भाईजान. चार लिप्या, एकाच वळणाच्या, कुठल्याही मशीनवर वापरायची मोकळीक. सोलापूरची पत्रिका डोळ्यांसमोर ठेवूनच काढलेत की काय असं वाटतं. अक्षरं नीट जोडून दाखवणारं हार्फबझ हे इंजिनही मुक्तस्रोत, आणि ते फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइडमध्ये, लिबर ऑफिसात सगळीकडे आहे. म्हणजे आज मोबाइलवर जो कुणी हा धागा वाचतोय त्याच्या मराठीची जोडाक्षरं बहुतेक तेच जुळवतंय.

तक्रारही ऐका. इंकस्केपमध्ये डिझाइन झकास होतं, पण ऑफसेटला चार रंगांच्या प्लेटा काढायच्या म्हटलं की पंचाईत. त्यासाठी स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिकावं लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. धागाकर्त्यांचा जॉबरचा मुद्दा इथं पटला.

कंबरतलाव

वाचनखूण साठवली. थोडं जगाकडे वळतो.

हे कळ दाबण्याचं प्रकरण नवं नाही. २००५ पर्यंत लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं काम बिटकीपर नावाच्या, कोडमधले बदल सांभाळणाऱ्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर चालायचं. मालकाने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने काही आठवड्यांत स्वतःच त्या जागी गिट लिहिलं. आज जगातला निम्म्याहून जास्त कोड त्यावर असेल. आणि गिटची रचना बघा: प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, पूर्ण इतिहासासकट. मधला सर्व्हर गेला तरी काही हरवत नाही. चटके खाल्लेल्या माणसाने बांधलेलं घर आहे ते.

२०१९ मध्ये अमेरिकेने चीनच्या हुवावे या फोन कंपनीला काळ्या यादीत टाकलं. गुगलच्या सेवा गेल्या, पण अँड्रॉइडचा मुक्त भाग कुणी हिरावू शकलं नाही. त्यावर उभं राहून त्यांनी आपली वेगळी वाट काढली. रिस्क-फाइव्ह ही चिपची मुक्त रचना सांभाळणारी संस्था २०२० मध्ये अमेरिकेतून उठून स्वित्झर्लंडला गेली, कारण सभासदांना हीच भीती होती. आपल्या आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्याच रचनेवर. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने आपलं एआय मॉडेल कुणालाही वापरू-बदलू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुलं केलं आणि अमेरिकी शेअर बाजाराला घाम फुटला. कोडला सरहद्द नसते, मंडळी.

होटगीरोड_कर्नल

कंबरतलाव काका, तुमचं शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला सहमत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि थोडंफार कर्नल वाचते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून डझनभर रशियन नावं काढली गेली. कारण निर्बंध. टॉरवाल्ड्सने त्याचं समर्थन केलं, वर मी फिनलंडचा आहे याची आठवणही करून दिली. त्यातल्या काहींनी वर्षानुवर्षं ड्रायव्हर सांभाळले होते. २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची खाती आखडली. इराणचं प्रकरण २०२१ मध्ये सुटलं. आणि मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी नावाच्या एका छोट्या पॅकेजच्या कर्त्याने युद्धाच्या निषेधात असा कोड घातला की रशिया-बेलारूसमधल्या मशीनवरच्या फाइली पुसल्या जाव्यात. तोही ओपन सोर्सच. तेव्हा सरहद्द असते. मेलिंग लिस्टला असते, सर्व्हरला असते, माणसांना तर असतेच. फक्त त्या रशियन लोकांनी लिहिलेला कोड कर्नलमध्ये राहिला आणि रशियात कुणीही तो आजही उतरवून बदलू शकतो. नायराला आउटलुकच्या बाबतीत हा पर्याय नव्हता. फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

दुसरं, धोका बाहेरूनच येतो असं नाही. एक्सझेड आठवतंय का? फाइल आकुंचन करणारं हे छोटं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते फिनलंडमधला एक माणूस रिकाम्या वेळात सांभाळायचा. दमलेला होता, तब्येत बरी नव्हती, तसं त्याने लिहिलंही होतं. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या, आणि ५.६.० आवृत्तीत चोरून शिरायचं मागचं दार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंडला दिसलं की दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्या धाग्यावरून त्याने सगळं उसवलं. गंमत म्हणजे तो पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसचा माणूस आणि नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये.

कोड उघडा होता म्हणून सापडलं हे खरं. पण सगळं जग वापरत असलेली गोष्ट एकट्या माणसावर टाकली होती म्हणून ते घडलं, हेही खरं. आमच्या कॉलेजात ओपन सोर्सचे कार्यक्रम होतात, टी-शर्ट मिळतात, स्टिकर मिळतात. पण कुणाच्या तरी कंटाळवाण्या पॅकेजचे बग वाचायला बसणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. स्टिकर लॅपटॉपवर, आत विंडोज!

देशी_ऑफिस

एवढी जर्मनी-रशिया करण्यापेक्षा झोहो घ्या की. आपली भारतीय कंपनी, तमिळनाडूतल्या गावातून काम करते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मेल तिकडे गेली, मंत्रीही तिकडेच वळले. विषय संपला.

नवीपेठ_रिपेअर (धागाकर्ता)

झोहोबद्दल आदर आहे. उद्या वाद झाला तर निदान तो आपल्या कोर्टात, आपल्या कायद्याने चालेल, हा फायदा मी नाकारत नाही. पण झोहोचं ऑफिस बंदिस्तच आहे. पूर्वभाग_जेकार्ड यांचं डोंगल देशी कंपनीचं असतं तर त्यांच्या वडिलांच्या नक्ष्या उघडल्या असत्या का?

आणि देशीच पाहिजे तर सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आणलेलं माया आहे, तेही उबुंटूवर बांधलेलं. सरकारी कामात मुक्तस्रोताला प्राधान्य द्या असं केंद्राचं धोरणच २०१५ पासून आहे. धोरण आहे, टेंडर निघालं की मात्र त्यात 'एमएस ऑफिस येणे आवश्यक' अशी ओळ असते. तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या कुणालाही विचारा.

मोहोळ_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वरचं सगळं वाचून केरळबद्दल लिहावंसं वाटलं.

२००१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले, भारतातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची सुरुवात तिथे झाली. पण एका पाहुण्याच्या भाषणाने राज्य बदलत नसतं. केरळात शिक्षकांच्या संघटना आग्रही राहिल्या, सरकारने आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून शाळांमध्ये लिनक्स नेलं, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना शिकवलं. दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा तिथली मुलं लिनक्सवर देतात. आता काइट ही संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स बांधते. मशीन बिघडलं की शाळेतलाच प्रशिक्षित शिक्षक बघतो.

आमच्याकडे काय? नोकरीसाठी एमएस-सीआयटी पाहिजे म्हणून गावागावात वर्ग निघाले, लोकांच्या हाताला माउस लागला, हे काम मोठंच. पण त्यातून 'संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड' हे इतकं पक्कं बसलं की माझ्या सहकाऱ्याला लिबर ऑफिस दाखवलं तर तो म्हणाला, "गुरुजी, हे डुप्लिकेट आहे का?"

शाळेत देणगीतून आलेली जुनी मशीन होती. त्यावर जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर टाकलंय, पहिली-दुसरीची पोरं सोडत नाहीत. नेट नसतं तेव्हा कोलिब्रीवर उतरवून ठेवलेले धडे. लाइट गेली की सगळंच बंद, त्याला ओपन सोर्स काय करणार.

बाळीवेस_बंड्या

पोरगं म्हणतंय व्हॅलोरंट नसेल तर नको. माझ्या जुन्या फोनवर टाकू का काही? तीन वर्षं झाली, कंपनी अपडेट देत नाही.

होटगीरोड_कर्नल

लिनेज ओएस बघा, अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती आहे, तुमच्या मॉडेलला असेल तर. पण आधी एक लक्षात घ्या: बऱ्याच बँकांची आणि यूपीआयची ॲप बदललेल्या फोनवर चालायला नकार देतात. तुमचं दूधवाल्यापासून भेळवाल्यापर्यंत सगळं यूपीआयवर असेल तर त्या फोनला हात लावू नका. कर्नल लिनक्सचं, वर्षानुवर्षं वापरताय तुम्ही, आणि तरी फोन तुमचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलंय की बाहेरून टाकायच्या ॲपच्या कर्त्यांनाही गुगलकडे ओळख पटवावी लागेल, २०२६ पासून काही देशांत सुरुवात. मुक्तस्रोत ॲप देणारे एफ-ड्रॉइडवाले त्याविरुद्ध बोंबलतायत आणि रास्त बोंबलतायत.

हिशेबनीस_सातरस्ता

मी अजून पटलेला नाही, हे नोंदवून ठेवा. पण जेकार्डवाल्यांचं लिहिणं वाचून माझ्या जुन्या डेटाची बॅकअप फाइल काढून बघितली. जुन्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, कंपनी आता नाही. उघडायला काही नाही. कंपन्यांचे हिशेब तर आठ वर्षं सांभाळून ठेवायला कायदा सांगतो.

धागाकर्ते, दुकानात एक मशीन चालू ठेवा. मी टोकन घेऊन येतो. सही झाली तर चहा माझ्याकडून.

होटगीरोड_कर्नल

टोकन ओळखलं जाणं आणि पोर्टलने सही स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ओपनएससी या मुक्त सॉफ्टवेअरमुळे बऱ्याच टोकनांची होते. दुसरीत पोर्टलचं सहीचं सॉफ्टवेअर आडवं येतं. कुठं अडतंय ते नीट लिहून काढू, पोर्टलकडे तक्रार करायला तरी हातात काही असेल. मीही येते. हिशेबनीस काका, टोकन कुठल्या मॉडेलचं आहे ते आधी कळवा.

चाटीगल्ली_छपाई

मीपण. स्क्रायबसची एक फाइल घेऊन येतो, कुणाला शिकायची असेल तर. उर्दूची ओळ उजवीकडून नीट लागतेय का ते दोघांनी बसून बघायला पाहिजे.

नवीपेठ_रिपेअर (धागाकर्ता)

या सगळे. दुकान लहान आहे, खुर्च्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणतो. त्याचा प्रिंटरही तोच, नखरेवाला. हिशेबनीस, टोकनचा पिन विसरू नका. लागोपाठ चुकला तर टोकन लॉक होतं, आणि त्याला लिनक्स जबाबदार नाही.